फ्लॅट पॅटर्नची दिशा ड्रॉईंगमध्ये कशी ठरवावी?

प्रश्न

नमस्कार. सॉलिडवर्क्स या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये 1.5 मिमी जाडीच्या, ब्रश फिनिश असलेल्या 304 स्टेनलेस स्टीलच्या कव्हरचे ड्रॉईंग करीत आहे. फ्लॅट पॅटर्नचा, म्हणजे वाकवण्यापूर्वीच्या सपाट पत्र्याचा, व्ह्यू ड्रॉईंगच्या शीटवर उभा येतो आणि त्यात पत्र्याची आतली, म्हणजे संरक्षक फिल्म नसलेली बाजू समोर दिसते. रोटेट व्ह्यू वापरून तो आडवा केला, पण बाजू तीच राहिली. परिणामी ऑपरेटरने समोरची बाजू फिल्मची समजून चार नग उलटे वाकवले. ही दिशा मुळातच ठरवता येते का?

उत्तर 1

व्ह्यू फिरवल्याने कागदावरचे चित्र वळते. आपण पत्र्याकडे पाहतो ती बाजू बदलत नाही. ती मॉडेलमधील फ्लॅट-पॅटर्न फीचरच्या फिक्स्ड फेसवर (पत्रा उलगडताना स्थिर राहणाऱ्या पृष्ठभागावर) अवलंबून असते, म्हणून ते फीचर एडिट करून तेथे फिल्मकडचा फेस निवडावा. मॉडेलला हात लावायचा नसेल, तर ड्रॉईंगमध्ये तो व्ह्यू निवडल्यावर प्रॉपर्टी मॅनेजरमध्ये अँगल आणि फ्लिप व्ह्यू हे पर्याय मिळतात. मात्र व्ह्यू पालटला की अप आणि डाउन यांची अदलाबदल होते, त्यामुळे बेंड नोट्स (कुठे व कोणत्या दिशेने वाकवायचे ते सांगणाऱ्या नोंदी) पुन्हा नजरेखालून घालाव्यात. हाताने टाइप केलेली नोट आपोआप बदलणार नाही, आणि तुमचे नग बिघडले तसे बिघडायला तेवढे पुरेसे आहे.

उत्तर 2

माझे मत फिक्स्ड फेस बदलण्याकडेच झुकते. लेझर कटिंगला जाणारी डीएक्सएफ फाइल (कापण्याच्या आकाराचे रेखाचित्र) तुम्ही पार्टमधून थेट काढत असाल, तर ड्रॉईंगमधील फ्लिप तिच्यापर्यंत पोहोचत नाही; तेथे एक्स अक्षासाठी कड वेगळी निवडावी लागते. शिवाय ब्रश फिनिशच्या रेघा बहुधा 2500 × 1250 मिमीच्या पत्र्याच्या शीटच्या लांबीला समांतर असतात. फ्लॅट-पॅटर्न फीचरमध्येच ग्रेन डायरेक्शन (रेघांची दिशा) म्हणून योग्य कड निवडली, तर बाउंडिंग बॉक्स (नग मावणारा आयत) त्या दिशेने बसतो आणि कट लिस्टमधील (कापायच्या पत्र्यांच्या यादीतील) लांबी-रुंदी त्यानुसार येते. तरीही ड्रॉईंगवर ग्रेनचा बाण आणि 'फिल्मची बाजू समोर' असे स्पष्ट लिहावे, कारण नेस्टिंग करणाऱ्यासमोर (शीटवर नगांची मांडणी करणाऱ्यासमोर) आपले मॉडेल उघडलेले नसते.

प्रश्नकर्ता

फिक्स्ड फेस बदलला आणि बाजू बरोबर आली. दोन मापे सुटली होती, ती पुन्हा जोडली. व्ह्यू आडवा करण्यासाठी मात्र अँगलमध्ये 90 अंश द्यावेच लागले. आभारी आहे.