उत्तर: घरी चिरलेल्या फळ्या टेबलासाठी कधी वापरायच्या?

ओंडका चिरून सहा महिने झाले, आता दोन इंची फळ्यांचं टेबल करू का, असं विचारलंय. माझं मत, थांबा. उघड्या हवेत इंचभर जाडीला साधारण १ वर्ष हा जुना ढोबळ हिशेब. हलकं लाकूड लवकर वाळतं, घट्ट लाकूड रखडवतं.

टोकांना काही लावलंय का? लाकडातलं पाणी फळीच्या अंगापेक्षा कापलेल्या टोकांतून कितीतरी वेगानं जातं, म्हणून भेगा तिथूनच सुरू होतात. कापल्या दिवशीच मेण किंवा उरलासुरला ऑइलपेंट जाडसर फासायचा. मी एकदा ‘उद्या बघू’ म्हणत आठवडा घालवला, आणि प्रत्येक फळीचं वीतभर टोक जळणात गेलं!

फळ्या एकावर एक रचताना थरांमध्ये घालायच्या लाकडी पट्ट्या एकाच जाडीच्या, वरपासून खालपर्यंत एका रेषेत. वारा हवा, ऊन नको. ओलावा मोजायचं मीटर नसेल तर एकच फळी दर महिन्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की हवेत वाळायची तेवढी वाळली. मग काही आठवडे घरात ठेवून रंधा मारा.

वरच्या एका उत्तरात कुणी टेबलाचा माथा चौकटीला गोंदानं पक्का करायला सांगितलंय, ते मात्र करू नका. वाळलेलं लाकूडही ऋतूप्रमाणे रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. माथा स्क्रूनं बसवा आणि चौकटीतली स्क्रूची भोकं माथ्याच्या तंतूंना आडवी, लांबट ठेवा, म्हणजे त्याला सरकायला जागा राहते. नाहीतर माथा मधोमध तडकतो.