नॉलेज बेसमध्ये नवा लेख कोणीही सुरू करावा का?

मिहानकर
हेल्पडेस्कचा नॉलेज बेस (अडचणी आणि उपायांच्या लेखांचा साठा) असेल तर नवा लेख सुरू करायची परवानगी सरसकट सगळ्यांना द्यावी, असं माझं मत. मे महिन्यात सर्व्हर रूमचा एसी ट्रिप होतो, रात्रपाळीवाल्याला तोडगा सापडतो, तो तेव्हाच लिहिला गेला पाहिजे. 'यादीतल्या चार लेखकांना मेल करा' म्हटलं की तोडगा मेलमध्येच राहतो. अडवायचं ते प्रकाशन. केसीएस पद्धतीतही (मदत करता करताच लेख लिहिण्याची पद्धत) नवशिका 'कॅन्डिडेट' लेख लिहितो, 'कॉन्ट्रिब्युटर' तो पडताळतो, 'पब्लिशर' ग्राहकांसमोर ठेवतो.

बुटीबोरीचा भाऊ
कागदावर जमते. आता हेच कॉन्फ्लुएन्समध्ये, म्हणजे कंपनीची पानं ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, करून दाखवा. तिथं स्पेसच्या (पानांच्या एका विभागाच्या) परवानग्यांत पान 'ॲड' करणं अन् असलेलं पान बदलणं, दोन्हीला एकच खूण. नवं पान बनवू दिलं की बॉयलर बंद करायची ठरलेली पद्धतही तोच माणूस बदलू शकते. पानाला एडिट रिस्ट्रिक्शन (बदलण्यावर बंधन) लावू म्हणाल, तर सर्व्हरवरच्या आवृत्तीत पाहण्याचं बंधन पोटपानांना लागते, एडिटचं लागत नाही. आईला कुलूप, लेकरं मोकळी!
वरून गुणवत्तेच्या मानकाचं, आयएसओ ९००१:२०१५ चं, कलम ७.५.२ आहेच. दस्तऐवज तपासून मंजूर झालेला पाहिजे.

मिहानकर
भाऊ, त्यासाठी मसुद्यांची स्पेस वेगळी ठेवायची. तिथं सगळ्यांना ॲड, मुख्य स्पेसमध्ये फक्त व्ह्यू. तपासणारा पास झालेलं पान उचलून मुख्य स्पेसमध्ये नेतो. एक खाचखळगा मात्र आहे: कॉन्फ्लुएन्समध्ये गटाला 'नाही' म्हणता येत नाही, माणूस ज्या ज्या गटात असेल त्या सगळ्यांच्या हक्कांची बेरीज होते. म्हणून मुख्य स्पेसमधून 'कॉन्फ्लुएन्स-यूजर्स' गटाची ॲडची खूण आधी काढा, मग जुन्या प्रोजेक्टचे गट तपासा. त्यातला एक जरी राहिला तरी कुंपणाला भगदाड.

धंतोली ॲडमिन
सर्व्हिसनाऊ या हेल्पडेस्क सॉफ्टवेअरमध्ये उलटं. तिथं 'कॅन कॉन्ट्रिब्यूट' आणि 'कॅनॉट कॉन्ट्रिब्यूट' दोन्ही आहेत, आणि 'कॅनॉट' जिंकतं. कंत्राटी लोकांना अडवायला कोणी 'कॅनॉट'मध्ये अख्खा विभाग टाकतं, मग त्याच विभागातला तपासणाराही बाहेर बसतो आणि 'कॅन'मध्ये कितीदा घातला तरी फरक पडत नाही. तुम्ही दोघं परवानगीवर भांडताय, पण प्रकाशनाचा वर्कफ्लो 'इन्स्टंट पब्लिश' असेल तर लिहिणं म्हणजेच छापणं. आधी तो 'ॲप्रूव्हल'वर न्या.

विकीवाला
मीडियाविकीत (विकिपीडिया चालतं ते सॉफ्टवेअर) तर नेहमीची चूक: तारांकित गटाचं (*, म्हणजे लॉगिन न केलेल्यांसकट सगळे) 'क्रिएटपेज', म्हणजे नवं पान काढायचा हक्क, फॉल्स केलं की काम झालं समजतात. 'यूजर' गटाला (लॉगिन केलेल्यांना) तो हक्क मुळातच असतो! दोन्ही फॉल्स करा, 'लेखक' असा नवा गट काढून त्याला ट्रू द्या. 'क्रिएटटॉक' (चर्चापान काढायचा हक्क) राहू द्या, चर्चापानावर तरी लोक लिहितील.
आणि सगळ्यांना दार उघडं ठेवणं मोठ्यांनाही झेपलेलं नाही. इंग्रजी विकिपीडियाने डिसेंबर २००५ मध्ये खातं नसलेल्यांचं लेखनिर्माण बंद केलं. २०१८ पासून मुख्य नामविश्वात (प्रत्यक्ष लेखांच्या विभागात) थेट लेख काढायला खातं ४ दिवस जुनं आणि १० संपादनं लागतात.

मिहानकर
अर्धंच सांगितलंत. नव्या खात्यांना मसुदा नामविश्व तिथं उघडंच आहे. म्हणजे माझंच म्हणणं.

बुटीबोरीचा भाऊ
अन् ते मसुदे तपासणार कोण? ६० जण धरा, आठवड्याला दोन-दोन मसुदे, एकाला १५ मिनिटं. ३० तास झाले, एका माणसाचा जवळपास आठवडा. त्यात 'व्हीपीएन लागत नाही', 'व्हीपीएन प्रॉब्लेम', 'व्हीपीएन बंद' असे तीन लेख एकाच गोष्टीचे.

मिहानकर
शीर्षकात स्क्रीनवरचा एरर जसाच्या तसा लिहायची सक्ती करा, म्हणजे आधी शोधणाऱ्याला असलेला लेख तिथंच सापडतो. साच्यात चारच रकाने: अडचण, कुठल्या सिस्टिमवर, उपाय, कारण. उपायाचा रकाना रिकामा असेल तर मसुदा रांगेतच येऊ नये. १४ दिवस कोणी हात न लावलेला मसुदा आर्काइव्हमध्ये. आणि ज्याचे १० मसुदे बिनदुरुस्ती पास झाले, त्याला टीमपुरतं स्वतः प्रकाशित करू द्या. ३० तास निम्म्यावर आले तरी पुष्कळ.

बुटीबोरीचा भाऊ
हे हेल्पडेस्कला चालेल, मानतो. मशीनच्या पद्धतींची स्पेस मात्र वेगळीच राहील, ॲड तिघांनाच. पाळीवरच्या माणसाला चूक दिसली तर खाली कॉमेंट टाकू द्या, कॉमेंटची खूण वेगळी असते बाप्पा.