शब्दचर्चा : ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या 'डॉन'ला मराठीत काय म्हणावे?

टीपकागद : अनुवादात एका वाक्यावर अडले आहे. आशय असा : 'तिचे वडील केंब्रिजमध्ये डॉन होते आणि तिचे बालपण डॉन मंडळींतच गेले.' काळ १९३० च्या आसपासचा. शब्द तसाच ठेवला तर वाचकाच्या डोळ्यांपुढे टोळीचा म्होरक्या उभा राहतो. 'प्राध्यापक' केले तर संपादक म्हणतात, लेखिकेला प्रोफेसर म्हणायचे असते तर तिने तसेच लिहिले असते. काय करावे?

अर्धमात्रा : संपादकांचे बरोबर आहे. डॉन हे पदनाम नव्हे. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या एखाद्या कॉलेजचा फेलो, ट्यूटर किंवा प्रमुख यांना बोलण्यात डॉन म्हणतात. ब्रिटिश वहिवाटीत प्रोफेसर म्हणजे विद्यापीठातल्या अध्यासनाचा मानकरी. असे लोक मोजके. सी. एस. लुईस १९२५ ते १९५४ ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात फेलो आणि ट्यूटर होते. एवढी वर्षे ते डॉन होते, प्रोफेसर नव्हते. प्रोफेसर झाले ते केंब्रिजच्या अध्यासनावर गेल्यावर. त्यांच्याबद्दलच्या मजकुरात सरसकट 'प्राध्यापक' घातले तर ही बढती कळणारच नाही.

चालूनाणे : पण मराठी 'प्राध्यापक' म्हणजे इंग्रजी प्रोफेसर हे गृहीतच चुकीचे आहे. आपल्याकडे कॉलेजात शिकवणाऱ्या कुणाच्याही नावामागे 'प्रा.' लागते आणि ते कुणाला खटकत नाही. पूर्वी अधिव्याख्याता, प्रपाठक (म्हणजे रीडर), प्राध्यापक अशी चढती पदे होती. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनरचनेत 'रीडर' हे पदनाम गेले, आणि आता साहाय्यक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक अशी रचना आहे. तिन्ही नावांत तोच शब्द. वाचकाला 'केंब्रिजमध्ये प्राध्यापक' यातून जे कळायला हवे ते कळते.

अर्धमात्रा : कळते ते अर्धेच. डॉन म्हणताना कॉलेज डोळ्यांपुढे असते, विद्यापीठ नाही. तिथे परीक्षा आणि पदव्या विद्यापीठाच्या. राहणे, जेवणे आणि दर आठवड्याची एका-दोघा विद्यार्थ्यांची शिकवणी कॉलेजची. या शिकवणीला ऑक्सफर्डात ट्यूटोरियल म्हणतात, केंब्रिजात सुपरव्हिजन. फेलो हे त्या कॉलेजच्या कारभारातले भागीदार असतात. म्हणून 'महाविद्यालय' हा शब्दही मी तिथे टाळते आणि 'कॉलेज'च ठेवते. सर्वांत मोठा खड्डा आहे 'फेलो'चा. परिभाषेतला 'अधिछात्र' लावला की वाचकाला विद्यावेतनावर संशोधन करणारा तरुण दिसतो. इथे तर सत्तरीचा गृहस्थही फेलो असू शकतो. त्याहून फसवे म्हणजे ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये फेलोंना 'स्टुडंट' म्हणतात. गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन तिथे मरेपर्यंत 'स्टुडंट' होते. त्याचे 'विद्यार्थी' केले की संपलेच.

काळी बाराखडी : व्युत्पत्ती बघितली तर वाट सापडेल. लॅटिन 'डॉमिनस', म्हणजे धनी, मालक. त्याचे स्पॅनिशमध्ये 'डॉन' झाले, ते नावामागे लावायचे आदराचे उपपद. तिथून इंग्रजीत आले आणि सतराव्या शतकात कॉलेजातल्या वडीलधाऱ्यांना चिकटले. इटालियन 'डॉन'चे मूळही तेच, म्हणजे टोळीवाला आणि विद्वान सख्खे भाऊ आहेत. आणखी मागे जा. डॉमिनस आला 'डोमुस' म्हणजे घर यावरून, आणि त्याच घराण्यातला आपला वैदिक 'दम', म्हणजे घर. 'दंपती'चा मूळ अर्थ घराचा धनी; द्विवचनात तो नवरा-बायकोचा झाला. डॉन आणि दंपती एकाच घरातले!

अर्धमात्रा : 'दंपती'बद्दल पूर्ण सहमत, पण त्याचा अनुवादाला काय उपयोग? उलट, १८८२ च्या नव्या नियमांपर्यंत बहुतेक फेलोंना लग्न केले की फेलोशिप सोडावी लागे. कॉलेजप्रमुखांना तेवढी सूट होती. म्हणून १८६० च्या काळातल्या मजकुरात 'डॉनची बायको' आली तर आधी तो गृहस्थ प्रमुख आहे का हे तपासावे. टीपकागद, तुमचा काळ पुढचा आहे, तेव्हा मुलगी असण्यात अडचण नाही.

काळी बाराखडी : उपयोग असा, की आदराचे उपपद धंद्याचे नाव झाले ही चाल मराठीला परकी नाही. 'पंत' हे आदरार्थी, आणि 'पंतोजी' म्हणजे शाळामास्तर. स्कॉटलंडमध्येही शाळामास्तराला 'डॉमिनी' म्हणतात, त्याच डॉमिनसवरून. माझे मत 'आचार्य' करावे. कॉलेजात विद्यार्थ्यांसोबत राहून शिकवणारा, त्याला हाच शब्द शोभतो.

चालूनाणे : अजिबात नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आचार्य म्हणजे मुंज लावून वेद शिकवणारा. पोटासाठी वेदाचा एखादा भाग शिकवणारा तो उपाध्याय. त्या हिशेबाने पगारी डॉन उपाध्याय ठरतो, आणि मराठीत 'उपाध्ये' म्हटले की पूजा सांगणारे भटजी आठवतात. जुने शब्द उचलताना त्यांच्या अंगावरची वस्त्रेही सोबत येतात.

टीपकागद : 'वडील केंब्रिजच्या एका कॉलेजात फेलो होते आणि तिचे बालपण अशाच विद्वानांच्या सहवासात गेले' असे केले तर? पुढे एका पात्राला 'डॉनिश' म्हटले आहे, तिथे मात्र पुन्हा अडेन.

अर्धमात्रा : वाक्य चांगले आहे. पहिल्यांदा येईल तिथे 'कॉलेजातच मुक्काम करून शिकवणारे फेलो' असे लिहू नका. लग्न झालेले फेलो घरी राहत. 'डॉनिश'ला 'पढीक' चालेल. त्यात पुस्तकीपणा आहे, थोडा अलिप्तपणा कमी पडतो.

चालूनाणे : 'पढीक'मध्ये हेटाळणी जास्त आहे. 'पंडिती' घ्या.

काळी बाराखडी : आणि डॉन ठेवलाच कुठे, तर 'डॉन्सच्या' लिहू नका. मराठीत 'एक डॉन, चार डॉन, डॉनांच्या'.

चालूनाणे : 'डॉनांच्या' कोण म्हणते? 'डॉन लोकांच्या' म्हणतात.

काळी बाराखडी : 'चोरांच्या' म्हणता ना? मग 'डॉनांच्या'ला काय झाले?