कुत्र्याचा आहार आणि वजन : आपले अनुभव लिहावेत

आमच्या लॅब्रॅडॉरचे वजन दोन वर्षांत ३१ किलोंवरून ३८ किलोंवर गेले आणि घरात कोणालाही ते जाणवले नाही. पशुवैद्यांनी माझाच हात त्याच्या बरगड्यांवर ठेवला, तेव्हा बोटांना बरगड्या लागतच नव्हत्या. हलक्या हाताने चाचपल्यावर बरगड्या लागाव्यात, वरून पाहिल्यास कंबर आत गेलेली दिसावी आणि बाजूने पाहिल्यास पोटाची रेषा मागच्या पायांकडे वर चढावी, अशी कसोटी त्यांनी सांगितली. नऊ गुणांच्या पट्टीवर ४ किंवा ५ गुण योग्य मानतात. आमचा ७ वर होता.

खाद्य आम्ही ‘मोजूनच’ देत होतो, पण वाटीने. एके दिवशी घरातल्या तिघांनी भरलेली तीच वाटी मी काट्यावर ठेवली, तेव्हा ९२, ११० आणि १३१ ग्रॅम असे आकडे आले. तेव्हापासून खाद्य ग्रॅममध्येच मोजतो. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक ते दोन टक्क्यांपेक्षा वेगाने वजन उतरवू नये, असे बजावले गेले होते. मध्ये दोन महिने काटा हललाच नाही, तरी आठ महिन्यांनी तो पुन्हा ३१ किलोंवर आला. आपण हे कसे सांभाळता, ते सविस्तर लिहावे.

* * *

आमच्या कुत्रीचे वजन निर्बीजीकरणानंतर वाढले. शस्त्रक्रियेनंतर ऊर्जेची गरज कमी होते आणि भूक मात्र वाढू शकते, हे मला आधी कळले असते तर मी पहिल्याच आठवड्यात तिचे खाद्य कमी केले असते. पुढे हिशोब शिकले: किलोमधील वजनाचा ०.७५ वा घात काढून त्याला ७० ने गुणले की विश्रांतीच्या अवस्थेतील रोजची गरज मिळते. १० किलोंच्या कुत्र्यासाठी ती सुमारे ३९४ किलोकॅलरी येते. हा केवळ आरंभबिंदू आहे. प्रत्यक्ष आकडा त्या कुत्र्याचे वय आणि हालचाल पाहून पशुवैद्यांकडूनच ठरवून घ्यावा.

* * *

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आमचा नऊ वर्षांचा कुत्रा मोजके खात असूनही जाड होत गेला, दिवसभर झोपू लागला, त्याचे केस विरळ झाले. मी खाद्य आणखी कमी करत राहिलो, ही माझी चूक होती आणि तिचे मला आजही वाईट वाटते. रक्ततपासणीत थायरॉईडचे संप्रेरक कमी निघाले व औषधाने तो सुधारला. आहार कमी करण्यापूर्वी तपासणी करावी, एवढेच कळकळीने सांगतो.

* * *

पिल्लू गुबगुबीत असावे, असे आम्हाला अनेकांनी सांगितले; आम्ही ऐकले नाही. याचे कारण २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास. त्यात ४८ लॅब्रॅडॉरच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाद्य आयुष्यभर दिले होते. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे आणि दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे आले, शिवाय कमी खाणाऱ्यांचे सांध्यांचे दुखणेही उशिरा सुरू झाले. आमची कुत्री आता दहा वर्षांची आहे आणि अजून जिना सहज चढते.

* * *

धागाकर्ता : याला जोडून लिहितो. काही लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकातला एक भाग गळालेला असतो आणि त्यामुळे त्यांची भूक खरोखरच जास्त असते, असे २०१६ मध्ये दाखवले गेले. असा कुत्रा अन्न मागतो ते लाडाने नव्हे, म्हणून त्याला रागावू नये.

* * *

आमच्याकडे अडचण खाद्याची नव्हती, वडिलांच्या मायेची होती. ते दिवसभर कुत्र्याला काही ना काही भरवत, आणि त्यांना ‘देऊ नका’ म्हणणे माझ्या जिवावर येई. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत असावा, हे समजल्यावर मी तेवढाच खाऊ, बहुतेक गाजराचे तुकडे, रोज सकाळी एका डब्यात भरून तो डबा त्यांच्या स्वाधीन केला. द्राक्षे, मनुका, कांदा, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोडी आणणारे द्रव्य) घातलेला कोणताही पदार्थ कुत्र्यांना घातक असतो, हे कागदावर लिहून झाकणाला चिकटवले. आता तुकडे दिवसभर कसे पुरवायचे, हे वडीलच ठरवतात. डबा संपला की रिकामा डबा त्याला हुंगू देतात, आणि मग तोही त्यांच्या पायाशी जाऊन बसतो.