‘अनुशेष’, ‘असमतोल’ की ‘तफावत’? जर्मनीवरच्या लेखासाठी शब्द हवा आहे

कॉलेज रोडवरून : जर्मनी ३ ऑक्टोबर १९९० ला एक झाली, तरी पूर्व आणि पश्चिम भागांतल्या लोकांच्या सांपत्तिक स्थितीत अजून मोठा फरक आहे. दिवाळी अंकासाठी त्यावर लिहितेय. संपादक म्हणतात, ‘पूर्व जर्मनीचा अनुशेष’ लिहा, वाचकाला पटकन कळेल. मला तो शब्द खटकतो, पण का ते सांगता येत नाही.

इंदिरानगरवरून : ताई, खटकतो ते बरोबरच आहे. मी पाटबंधारे खात्यात होतो, हा शब्द फायलींत रोज पाहिलाय. महाराष्ट्रातला प्रादेशिक असमतोल मोजायला नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, वीज असं सगळं जिल्हावार मोजलं. राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा जितका खाली, तितका त्याचा अनुशेष. आणि तो भरायला किती रुपये लागतील तेही मांडलं. म्हणून अनुशेष ‘भरून काढतात’. विषमता कोणी भरून काढत नाही, ती कमी करतात. सोबतचं क्रियापद बघावं. गंमत अशी की दांडेकर समिती ‘असमतोला’ची, २०११ ची केळकर समिती ‘समतोल’ विकासाची. विषमता म्हटलं की कोणाकडे जास्त आहे आणि ते कसं आलं, हेही विचारावं लागतं. सरकारी कागद तिथवर जात नाही.

कॉलेज रोडवरून : मग मला दोन शब्द लागणार. पूर्वेतले रस्ते, रेल्वे, टेलिफोन पश्चिमेच्या बरोबरीला आणायला अफाट पैसा ओतला गेला. पूर्वेला निधी देण्याच्या २००५ ते २०१९ च्या दुसऱ्या एकजूट करारातच १५६ अब्ज युरो ठरले होते. हा भाग अनुशेषाचा. पण घरोघरच्या संपत्तीचं तसं नाही. साम्यवादी राजवटीत लोकांकडे शेअर नव्हते, स्वतःची घरं आणि धंदे फार थोड्यांचे. १ जुलै १९९० ला चलन एक झालं, तेव्हा पगार एकास एक बदलले, पण ठरावीक मर्यादेपलीकडच्या बचतीला दोनास एक दर मिळाला. सरकारी कारखाने विकले गेले ते बहुतेक पश्चिमेकडच्यांनी घेतले. आज पश्चिमेतल्या मुलांना आईवडिलांचं घर वारशाने मिळतं, पूर्वेत अनेकांना वारशात फारसं काही येत नाही. पगारांतलं अंतर बरंच कमी झालं, संपत्तीतलं झालं नाही.

इंदिरानगरवरून : त्याला ‘सांपत्तिक तफावत’ म्हणा.

निफाडवरून : सर, तफावत मिळमिळीत वाटते. रोकडीत दहा रुपये कमी आले तरी तफावतच. वारशाने चालत आलेली असेल तर सरळ ‘विषमता’ लिहा. फक्त ‘दरी’ नको, वर्तमानपत्रांनी पार झिजवलीय.

आणि ताई, ‘पूर्व मागास’ असं सरसकट लिहू नका. आमची द्राक्षं आणि सुरगाण्याचे डोंगर नाशिक जिल्ह्याच्या एकाच सरासरीत बसतात. २०२२ च्या अखेरीस सुरगाण्यातल्या सीमेवरच्या काही गावांनी सोयी नाहीत म्हणून गुजरातेत जायची भाषा केली होती. जिल्हा हा घटक धरला की हे झाकलं जातं. जर्मनीतही लाइपझिग, ड्रेस्डेन ही भरभराटीची शहरं पूर्वेतच आहेत, आणि दरडोई उत्पन्नात देशाच्या तळाशी असलेलं गेल्झेनकिर्खेन पश्चिमेत, रूरच्या कोळसापट्ट्यात.

कॉलेज रोडवरून : पटलं, विषमता. आणखी एक अडलंय. त्यांच्या राज्यघटनेच्या ७२ व्या कलमात आधी ‘एकसारखं’ जीवनमान होतं, १९९४ मध्ये ते बदलून ‘ग्लाइषव्हेर्टिग’ केलं, म्हणजे समान मोलाचं. ‘समान’ लिहिलं तर दुरुस्तीच पुसली जाते.

इंदिरानगरवरून : ‘तोडीचं’ लिहा. ‘तोलामोलाचं’ही चालेल, पण मग स्थळ बघतोय असं वाटेल. ‘समतुल्य’ लिहिलं तर वाचक पान उलटेल.

पंचवटीतून : मधेच बोलतो, करसल्लागार आहे म्हणून. एकीकरणाच्या खर्चासाठी १९९१ ला लावलेल्या कराला बरेच जण ‘उपकर’ लिहितात, ते चूक. उपकर विशिष्ट कामासाठी राखलेला असतो. हा पैसा त्यांच्या केंद्राच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो, आणि पूर्वेतले करदातेही तो भरत आले. शिवाय तो मूळ कराच्या रकमेवर ५.५ टक्के, म्हणजे करावरचा कर. आपल्या भाषेत ‘अधिभार’. २०२१ पासून बहुतेकांची त्यातून सुटका झाली, वरच्या उत्पन्नाचे लोक आणि कंपन्या मात्र अजून भरतात.