मदत हवी आहे: हापूस पिवळा झाला पण गोडी आलीच नाही

गिरगावात राहतो, देवगडहून कच्च्या हापूसची पेटी आली. निम्मे आंबे भाताच्या पेंढ्यात ठेवले, निम्मे कागदी पिशवीत पिकलेल्या केळ्यांबरोबर, म्हणजे केळ्यांचं इथिलीन (फळं पिकवणारा वायू) मिळेल. केळीवाले ४ दिवसांत पिवळे आणि मऊ, पण चव आंबटढाण, रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातली साखर मोजायचं उपकरण, मुलीच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला, चालतो नीट) ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, जेमतेम १२. पेंढ्यातले ९ दिवसांनी १८. फोडीवर आयोडीन टाकलं तर केळीवाल्यांत अजून निळंकाळं होतंय म्हणजे स्टार्च शिल्लक आहे ना?

कार्बाइड वापरलेलं नाही, फ्रिजमध्येही ठेवले नव्हते, आणि सगळे आंबे पाण्यात बुडाले होते (कोवळे तरंगतात), त्यामुळे कोवळे काढले असं वाटत नाही.

इथिलीनने हिरवा रंग लवकर जातो आणि स्टार्चची साखर करणारं एन्झाइम अमायलेज मागे पडतं, असं होतं का? द्राक्षात तर गोडीसाठी इथिलीनपेक्षा अ‍ॅबसिसिक अ‍ॅसिड (वनस्पतीतलं एक हार्मोन) महत्त्वाचं म्हणतात, आंब्यातही त्याचा हात असतो का? आणि मुख्य म्हणजे पिशवीत अजून ८ आंबे आहेत, बायको म्हणते सरळ लोणचं घाल, तर केळी आत्ता काढून नुसते बाहेर ठेवले तर उरलेल्या स्टार्चची साखर होईल की गेले ते?