ग्रुप थिअरीच्या प्रोजेक्टला गॅप घेऊ की सेज (दोन्ही गणिताची सॉफ्टवेअर)? सल्ला हवाय

वहीसंपली: नमस्कार मंडळी. एमएस्सी मॅथ्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टमध्ये ऑर्डर (म्हणजे एलिमेंटची संख्या) ३२ पर्यंतच्या सगळ्या ग्रुप्सचं सेंटर (बाकी सगळ्यांशी कम्यूट होणारे एलिमेंट), सबग्रुप वगैरे काढायचंय. १२ पर्यंत हाताने केलं, १६ ला १४ ग्रुप निघाले तिथेच जीव गेला आणि ३२ चे तर ५१ आहेत म्हणे. पायथन थोडंफार येतं, लॅपटॉप जुना विंडोजवाला, ४ जीबी रॅम. फुकटातलं सुचवा प्लीज.

चहाबाज: गॅप, डोळे झाकून. १९८६ ला जर्मनीत आखेनला सुरू झालेलं आहे आणि फुकट आहे. त्यातली स्मॉल ग्रुप्स लायब्ररी म्हणजे सोनं, २००० पर्यंतच्या ऑर्डरचे सगळे ग्रुप तयार, फक्त १०२४ सोडून, कारण त्या एकट्या ऑर्डरचेच ४९०० कोटींच्या वर आहेत, तुझे ५१ कुठल्या कोपऱ्यात! ४ जीबी पुष्कळ झाली. एकच सांगतो, ओळीच्या शेवटी सेमीकोलन विसरू नकोस, नाहीतर ते नुसतं गप्प बसून राहतं, मी पहिल्या दिवशी हँग झालं समजून अर्धा तास वाट बघत बसलो होतो.

काकडआरती: गॅपला +१, पण ताई, त्यातली स्ट्रक्चरडिस्क्रिप्शन कमांड ग्रुपचं जे नाव छापते त्याच्यावर विसंबू नका. ऑर्डर २० चा पहिला आणि तिसरा ग्रुप घेऊन बघा, दोन्हीला सी ५ कोलन सी ४ असंच येतं, पण पहिल्याचं सेंटर २ एलिमेंटचं आणि तिसऱ्याचं नुसतं आयडेंटिटी, मग आयसोमॉर्फिक (रचनेने एकच) कसे असतील? मी असे दोन ग्रुप एकच धरून रिपोर्ट दिला होता, व्हायवात जी फजिती झाली ती विचारू नका. ओळख पटवायची तर आयडीग्रुप ही कमांड वापरा, ती ऑर्डर आणि लायब्ररीतला नंबर अशी जोडी देते.

वहीसंपली: बाप रे, बरं झालं सांगितलंत. पण पायथन येतं तर सेज सोपं नाही का पडणार?

डावीकडूनउजवीकडे: पडेल की, आणि सेजच्या पोटात गॅपच आहे. पण विंडोजवर सेज म्हणजे डब्ल्यूएसएलचा (विंडोजमध्ये लिनक्स चालवायच्या सोयीचा) खटाटोप, ४ जीबीत तर नकोच. ब्राउझरमध्ये सेजमॅथसेल उघड, तिथे भाषा गॅप निवडता येते, इन्स्टॉलची कटकटच नाही. मात्र दोन्हीकडचं मिसळू नकोस, गॅपमध्ये डायहेड्रलग्रुप (नियमित बहुभुजाच्या सिमेट्रींचा ग्रुप) ८ म्हणजे ऑर्डर ८, सेजमध्ये तेच लिहिलंस तर ऑर्डर १६. आणि परम्युटेशनचा गुणाकार गॅप डावीकडून करतं, (१,२) गुणिले (२,३) म्हणजे (१,३,२), तुमच्या सरांनी उजवीकडून शिकवलं असेल तर उत्तर (१,२,३) येईल आणि तू उगाच चूक शोधत बसशील.

चहाबाज: 'डावीकडूनउजवीकडे', तुझा आयडी आवडला 😄 मॅग्मा हे सॉफ्टवेअर पण भारी आहे पण पैसे पडतात, त्याचा ऑनलाइन कॅल्क्युलेटर तेवढा फुकट.

वहीसंपली: सेमीकोलन विसरले, गप्प बसलं, हसू आलं. पण ५१ च्या ५१ ची सेंटर निघाली एका लूपमध्ये! सेंटरची ऑर्डर ३२ असलेले, म्हणजे सेंटर हाच अख्खा ग्रुप असलेले, ७ आले, आणि ३२ म्हणजे २ चा ५ वा घात, ५ ची पार्टिशन्सही (बेरजेत मांडायच्या रीती) ७ च, म्हणजे अबेलियन (गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर तेच येणारे) बरोबर जुळले ना?

काकडआरती: जुळले. आता उरलेल्या ४४ कडे वळा.